हेरल्डचा तिसरा गिअर

गाडी विकायचं ठरलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे केलं त्याला कोणी फार मोठं समजणार नाही.

अकरा वर्षं महमूदभाई आणि मी दर रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंग शेडमध्ये एका जुन्या हेरल्ड गाडीवर काम करत होतो. 'काम करत होतो' हेही माझ्या बाबतीत जरा जास्तच झालं. काम महमूदभाई करायचे. मी वाचून दाखवायचो.

मी पनवेलच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्तीच्या वर्षी एका दिवंगत डॉक्टरांच्या पत्नीने घरातली पुस्तकं कॉलेजला द्यायची म्हणून मला बोलावलं. त्या ढिगात या गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक होतं. इंग्रजी, १९७० सालचं, आकृत्यांनी भरलेलं. मी ते उभ्या उभ्या तासभर वाचलं. बाई म्हणाल्या, "त्या पुस्तकातली गाडी खालीच आहे. न्यायची तर न्या, मला ती जागा मोकळी हवीय." मला नाही म्हणता येत नाही. घरी आल्यावर दमयंती, म्हणजे माझी पत्नी, गॅलरीतून खाली बघून म्हणाली, "लोक गाडी घेतात तेव्हा बरोबर पुस्तक मिळतं. तुम्ही पुस्तक घेतलंत आणि बरोबर गाडी आली."

मला गाडी नीट चालवताही येत नाही. महमूदभाईंचं उरण नाक्याजवळ गॅरेज होतं. चौदा वर्षं सौदीत दम्मामला मोठमोठ्या जीपगाड्या उघडून ते परत आले होते. पहिल्या दिवशी त्यांनी बॉनेट उघडलं, तर दिव्यांसकट अख्खा पुढचा भाग पुढे कलंडला. "हिचं तोंड उलटंच उघडतं की, सर," ते म्हणाले. मग बराच वेळ आत बघून त्यांनी एक नियम घातला. "आम्ही मेकॅनिक लोक अंदाजाने चालतो. ही गाडी मी कधी खोललेली नाय. हिला अंदाज लावायचा नाही. तुमचं पुस्तक सांगेल तेवढंच करायचं. त्याच्या पुढे नाही, मागे नाही."

तेव्हापासून आमची पद्धत ठरून गेली. मी स्टुलावर बसून एकेक वाक्य मराठीत सांगायचो. ते करायचे. अवघड जागा आली की म्हणायचे, "परत वाचा." मी परत वाचायचो. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण वाचायला दिलं तर माझा आवाज लागतो. रविवारच्या त्या सकाळी मी आठवडाभरात बोलतो त्याहून जास्त बोलायचो.

इंजिन झालं. कळंबोलीच्या बाजारातून पत्रा आणून तळ झाला. राहिला तो तिसरा गिअर. पावणेदोन वर्षांपूर्वी गिअरबॉक्स उघडून परत बसवली आणि तेव्हापासून तिसरा गिअर टिकेना. टाकला की पडायचा, पण उतारावर अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की दांडा आपोआप सुटून मध्ये यायचा. महमूदभाईंनी गिअरबॉक्स पुन्हा उघडली. मी तेच प्रकरण पुन्हा वाचलं. त्यांनी सगळं तसंच्या तसं केलं. गिअर पुन्हा सुटला.

त्या दिवशी ते चहाचा कप खाली ठेवून आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. "सर, हात गेला," ते म्हणाले. "पुस्तक बरोबर आहे, सामान बरोबर आहे. मग राहिलं काय? हात."

मी म्हणालो, "असं कसं?"

दोन महिन्यांनी त्यांनी गॅरेज बंद केलं. लोकांच्या गाड्यांचे ब्रेक आपल्या हातून व्हायला नकोत, असं म्हणाले. जावई अयानचा फरशांचा धंदा आहे, त्याला शटर वापरायला दिलं. आमचा रविवार चालू राहिला, पण त्यात काम असं नव्हतं. ते पितळी पट्ट्या पुसायचे. मी वाचायला काही नव्हतं म्हणून गप्प बसायचो.

मग आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला. महिनाअखेरीला पार्किंगची शेड पाडणार होते. भाड्याच्या घरात आम्हा दोघांचीच जेमतेम सोय होती, गाडीची कुठून होणार? महमूदभाईच म्हणाले, "विकून टाका, सर. माझ्याच्याने ती पुरी होणार नाही." उलव्याहून निकेश नावाचा एक तरुण येऊन गाडी बघून गेला. त्याचं लग्नाआधीचे फोटो काढायचं लॉन आहे. "काका, चालली नाही तरी चालेल," तो म्हणाला. "मी पिस्ता कलर मारून कारंज्याजवळ लावणार. कपल लोकांना फक्त टेकायला पाहिजे." रविवारी अकराला तो क्रेन घेऊन येणार होता.

शुक्रवारी दुपारी मी पुस्तक काढलं, गाडीबरोबर द्यावं म्हणून. कुठलंही पुस्तक ग्रंथालयातून कायमचं जायचं असलं की मी त्याची पानं मोजायचो. नोकरीतली सवय, दुसरं काही नाही. मोजली तर एक पान कमी भरलं. मला वाटलं, चुकलो. पुन्हा मोजली. मग पृष्ठांचे आकडे बघत गेलो. गिअरबॉक्सच्या प्रकरणात एकसष्टनंतर चौसष्ट होतं.

पान गळालेलं नव्हतं. बासष्ट आणि त्रेसष्ट ही समोरासमोरची पृष्ठं एकमेकांना चिकटलेली होती. आणि ती मी चिकटवली होती. तीन पावसाळ्यांपूर्वी त्या पानाची कड फाटली होती, तेव्हा मी कॉलेजात करायचो तसा पातळ कागद खळीने लावून ती दुरुस्त केली होती. खळ वाळेपर्यंत मध्ये मेणकागद ठेवायचा असतो. हे मी पंचवीस वर्षं शिपायांना शिकवत आलो. स्वतःच्या पुस्तकात मी तो ठेवला नाही आणि दमट हवेत पुस्तक मिटून कपाटात टाकलं. वर, दुरुस्तीची पट्टी खालच्या कोपऱ्यात आल्यामुळे चौसष्टचा आकडा तिच्याखाली पुसट झाला होता, बारकाईने बघितल्याशिवाय दिसत नव्हता. एकसष्टच्या शेवटी वाक्य पुरं होत होतं, चौसष्टवर नवं सुरू होत होतं. मी सरळ वाचत गेलो. दोन्ही वेळा.

ओल्या फडक्याने कड भिजवून, विणकामाच्या सुईने मी पानं सोडवली. बासष्टवर लिहिलं होतं की शाफ्टवर गिअर चढवल्यावर तो मागेपुढे किती सरकतो हे पातळ पट्ट्यांच्या गेजने मोजावं, आणि त्या मापाप्रमाणे वेगवेगळ्या जाडीच्या वॉशरांतून योग्य तो निवडावा. त्रेसष्टवर आकृती होती. खाली एक ओळ होती: ही फट जास्त राहिली तर चालत्या गाडीत गिअर सुटतो.

आम्ही जुनाच झिजलेला वॉशर परत घातला होता, कारण मी दुसरं काही वाचलंच नव्हतं.

दमयंती भाजी निवडत होती. तिला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे त्या माणसाने दुकान बंद केलं ते तुमच्या खळीपायी?"

"हो."

"मग सांगा त्यांना."

"आता गाडी जातेच आहे. उगाच त्यांना..."

"उगाच?" तिने गवारीची शेंग खाली ठेवली. "तो माणूस घरी बसून स्वतःचा हात बघत असतो, त्यांची बायको सुरैय्या परवाच सांगत होती मला बाजारात. आणि तुम्ही उगाच म्हणता?"

"चिडतील फार."

"चिडतीलच. मी असते तर पाना फेकून मारला असता."

रविवारपर्यंत मी तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. सांगितलं नाही, तर कुणालाच काही कळणार नव्हतं. पुस्तक निकेशकडे गेलं असतं आणि त्याने ते उघडलंही नसतं. हा विचार माझ्या मनात पुष्कळ वेळ होता, आणि तो मला आवडत होता.

रविवारी महमूदभाई नऊ वाजता आले. आज शेवटचं म्हणून त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते पुढच्या काचेवर फडकं फिरवू लागले. मी स्टुलावर बसलो. तोंडी बोलता येणार नाही हे माहीत असल्याने मी कागदावर लिहून आणलं होतं. कागद पुस्तकात ठेवून मी पुस्तक उघडलं.

"आता काय वाचताय?" ते हसले. "जाताना तिला मयताचा फातिहा?"

मी वाचायला लागलो. गाडीचं पुस्तक वाचायचो त्याच आवाजात, एकेक वाक्य. पान कसं फाटलं. खळ कशी लावली. मेणकागद ठेवला नाही. दोन पृष्ठं वाचली गेली नाहीत. त्यांत काय होतं. शेवटचं वाक्य असं होतं: म्हणून तिसरा गिअर सुटतो तो महमूदभाईंच्या हातामुळे नाही, माझ्यामुळे.

फडकं थांबलं होतं. "परत वाचा," ते म्हणाले.

मी परत वाचलं. दुसऱ्यांदा आवाज नीट लागला नाही.

"पान दाखवा."

त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण आकृती कळते. गेज धरलेल्या हाताच्या चित्रावर त्यांनी बोट ठेवलं. "हे मला येतं," ते हळू म्हणाले. "दम्मामला रोज करायचो. मनात आलं होतं माझ्या, की इथे माप का घेत नाहीत. पण म्हटलं, सरांच्या पुस्तकात नाही."

"विचारायचं होतंत."

हे मी का बोललो मला माहीत नाही. त्यांनी पुस्तक माझ्या मांडीवर जवळजवळ आपटलंच.

"मी विचारायचं? शटर बंद केलं मी! दोन जुनी गिऱ्हाइकं परत पाठवली, हात कापतो म्हणून खोटं सांगून. घरी पोरीची स्कूटरसुद्धा खोलली नाही. आणि तुम्ही मोठे पुस्तकवाले, एकसष्टच्या पुढे बासष्ट येतो एवढं तुम्हाला..." ते थांबले. खिशात फडकं कोंबलं आणि फाटकाबाहेर निघून गेले. इस्त्रीच्या शर्टाला ग्रीस लागलं होतं, तेही त्यांनी बघितलं नाही.

अकराला निकेश आला. मागे क्रेन. "चला काका, कागद तयार?"

मी म्हणालो, "आज गाडी देता येणार नाही."

"म्हणजे? कुणी जास्त देतंय का?"

"नाही. एक पान वाचायचं राहिलंय."

"काका, गाडीत कसलं पान? आणि महिनाअखेरीला शेड जाणार म्हणालात ना? ठेवणार कुठे?"

"ते मला माहीत नाही," मी म्हणालो, आणि ते खरंच होतं. "तुमचा फेरा फुकट गेला. चूक माझी आहे." त्याने क्रेनवाल्याकडे बघून खांदे उडवले. जाताना म्हणाला, "मन बदललं तर फोन करा. पण लवकर करा हं." मला 'नाही' म्हणता आलं, याचा आनंद वगैरे झाला नाही. ज्या माणसासाठी म्हटलं तो परत येईल असं मला वाटत नव्हतं.

सोमवार, मंगळवार, बुधवार गेले. मी फोन केला नाही. माफी एकदा वाचून झाली होती, पुन्हा तीच वाचून काय होणार होतं? दमयंतीने दोनदा विचारलं आणि मग विचारणं सोडलं.

गुरुवारी सकाळी फोन आला. "सर, अयानच्या फरशा हलवल्या. अर्ध्या त्याच्या घराच्या जिन्यात आहेत, पोरगी माझ्याशी बोलत नाही. दोर घेऊन येतोय. गाडी शटरमध्ये आणायची."

"महमूदभाई, मी खरंच..."

"ते झालं. पुस्तक घेऊन या."

हेरल्डची गिअरबॉक्स आतून, सीट काढून बाहेर काढावी लागते. त्यांना तीन तास लागले, मध्ये एकदाही हात थांबला नाही. मी बासष्ट आणि त्रेसष्ट वाचलं. त्यांनी गेजची पट्टी फटीत घातली, काढली, त्याहून जाड घातली. "केवढी पाहिजे म्हणतंय पुस्तक?" मी सांगितलं. "आपल्याकडे दुप्पट आहे," ते म्हणाले, आणि कळंबोलीच्या एका लेथवाल्याला फोन लावून वॉशरचं माप दिलं. बोलताना ते उभे होते. पूर्वी गॅरेजात फोनवर असेच उभे राहायचे, एक पाय टायरवर ठेवून.

पुढच्या रविवारी आम्ही पळस्पे फाट्याकडे निघालो. पुलाच्या चढावर त्यांनी तिसरा टाकला. उतार लागला तसा त्यांनी पाय उचलला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. आम्ही दोघंही दांड्याकडे बघत होतो, जे अर्थातच धोक्याचं होतं. मागून एका ट्रेलरने हॉर्न दिला. दांडा थरथरला, पण जागचा हलला नाही. पूल संपला तरी नाही.

परत वळताना मीच विचारलं, "मग, निकेशला फोन करायचा का?"

"कशाला?"

"नाही, तुमच्या शटरमध्ये किती दिवस..."

"सर," ते म्हणाले, "मागचे ब्रेक तुम्हाला झालेले दिसतात का? दरवाज्याची रबरं? ती विकायच्या लायकीची तरी आहे का?"

म्हणून गाडी अजून आहे. उरण नाक्याच्या त्या शटरमध्ये मागच्या भिंतीला हेरल्ड असते आणि पुढे कुणाची तरी जीप नाहीतर रिक्षा. गाडी ठेवली हे शहाणपणाचं झालं का, मला खात्री नाही. ती कधी पुरी होईल असंही मला वाटत नाही. मी दर रविवारी तिथे जातो, स्टुलावर बसतो, पुस्तक उघडतो. एक फरक पडलाय. पान उलटलं की महमूदभाई काम थांबवतात आणि मान वर न करता विचारतात, "नंबर?"

मी नंबर सांगतो. मागचा नंबर मनात ताडून बघून ते "हां" म्हणतात, आणि मग मी वाचतो.