उज्ज्वलाचा लॅपटॉप आणि चार शहाणी माणसं

आपल्या लोकांची एक सवय तुम्हीही पाहिली असेल. घरात मोठी वस्तू घ्यायची म्हटलं की चार माणसं बसतात. माणसं म्हणजे पुरुष, हे वेगळं सांगायला नको. सुरतेत गोडादऱ्याच्या वस्तीत खानदेशातली, पारोळ्याकडची, अमळनेरकडची जी घरं आहेत, त्यांनी तर ही रीत गावाहून जशीच्या तशी आणलीय. टीव्ही असो, मोटारसायकल असो, गच्चीवरची पाण्याची टाकी असो, ओट्यावर खुर्च्या पडतात, चहा होतो, चौघांचं एकमत होतं आणि चौघं मिळून दुकानात जातात. बायका हळदकुंकवाचं ताट तयार ठेवून घरी वाट बघतात. काय आलं ते त्यांना रिक्षातून उतरवताना कळतं.

त्या रविवारी सकाळी निंबा महाजनाच्या ओट्यावर अशाच खुर्च्या पडल्या होत्या. निंबा बावीस वर्षं कापडाच्या कारखान्यात लूमवर, म्हणजे मागावर, काम करतोय. घ्यायचा होता लॅपटॉप, आणि तो हवा होता त्याच्या मुलीला. उज्ज्वला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. पर्वत पाटियाच्या एका साडीच्या व्यापाऱ्यानं, धर्मेंद्रभाईनं, तिला कॉलेज सुटल्यावर अर्ध्या दिवसाचं काम देऊ केलं होतं. साड्यांचे फोटो साफ करायचे, रंग आणि किंमत भरायची, ऑनलाइन विक्रीला लावायच्या. पगार अकरा हजार. अट एकच, लॅपटॉप आपला आणायचा, आणि सोमवारपासून यायचं. त्या पगारातून ती शेवटच्या वर्षाची फी भरणार होती. निंबानं चाळीस हजार साठवले होते, त्याहून जास्त घरात नव्हते. ते लॅपटॉपला गेले की फी भरायला पगाराशिवाय दुसरा रस्ता नव्हता.

म्हणजे बघा, काम तिचं, कॉलेज तिचं, लॅपटॉपवर बोटं तिची चालणार. आणि ती कुठे होती? आत, चहा गाळत!

ओट्यावर गजेंद्रचा शब्द चालत होता. गल्लीच्या तोंडाशी त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान, त्यामुळे तो कॉम्प्युटरमधला माणूस. माणूस वाईट नव्हे, अडल्यानडल्याचे फॉर्म फुकटातही भरून देईल. पण आपल्याला कळतं हे चारचौघांत दाखवायची हौस भारी. त्यानं मोबाइलवर एक लॅपटॉप दाखवला. काळाभोर, जाडजूड, बटणांखाली लाल-निळे दिवे पळताहेत. गेम खेळणारी पोरं घेतात तसला. किंमत सदुसष्ट हजार. चाळीस आत्ता भरायचे, बाकीचे हप्त्यानं, आणि हप्ते पोरीच्या पगारातून. बाबुरावांना, म्हणजे गल्लीतल्या सगळ्यात वयस्कर माणसाला, पडदा मोठा दिसला म्हणून पसंत पडला. उज्ज्वलाचा वाल्मिक मामा म्हणाला, "घ्यायचा तर दणकट घ्या दाजी. पोरगी उद्या सासरी गेली तरी वस्तू घरात राहील."

चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या उज्ज्वलानं हे सगळं ऐकलं. ती हळूच म्हणाली की आपल्याला तो रोज बसमधून न्यायचाय, हलका हवा, आणि हप्ते पगारातून गेले तर फी कशी भरायची? मामानं कप उचलला आणि हसून सांगितलं, तू आत जा, आम्ही बघतो ना. निंबानं पैशांचं पाकीट खिशात घातलं. चौघं दोन मोटारसायकलींवर बसून निघून गेले.

उज्ज्वला आत आली आणि रागानं ट्रे जमिनीवर आदळला. तिची आई शोभाबाई साड्यांवर खडे चिकटवत बसली होती. एका साडीमागे काही रुपये मिळायचे, त्यातले कित्येक त्या चाळीस हजारात गेले होते. तिनं विचारलं नाही काय झालं म्हणून. पातळ भिंतीच्या खोलीत ओट्यावरचं सगळं ऐकू येतं.

शोभाबाईनं डिंकाची नळी बंद केली. मग कोपऱ्यातल्या शिलाई मशीनकडे बोट दाखवलं. त्यावर कपड्यांच्या घड्या रचलेल्या होत्या. दहा वर्षांपूर्वी तिला पिको-फॉलची मशीन हवी होती. गल्लीतल्या दहा बायका साड्या द्यायला तयार होत्या. चार माणसं बसली, सुरतभर फिरली आणि ब्लाउज शिवायची चकचकीत मशीन घेऊन आली. पिको तिच्यावर होतच नव्हता. शोभाबाईनं ओवाळलं, सगळ्यांना पेढे दिले आणि गप्प बसली.

"लोक त्यांची चूक म्हणतील," ती म्हणाली. "मी मात्र माझी म्हणते. त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर आज मी खडे चिकटवत नसते. तू गप्प बसशील तर तुझी फी त्या लाल दिव्यांत जाईल. चाल, मी साडी बदलते."

मोठी वस्तू घ्यायला बायका दुकानात गेल्याचं गल्लीत कोणी ऐकलं नव्हतं. शोभाबाईनं ठेवणीतली राणी रंगाची साडी नेसली, घराला कुलूप घातलं आणि रस्त्यात उभ्या असलेल्या जयश्रीला, गजेंद्रच्या बायकोला, ऐकू जाईल असं सांगितलं, की आम्ही लॅपटॉप निवडायला चाललोय. जयश्री बघतच राहिली.

गजेंद्रनं ओट्यावर नाव घेतलेल्या पर्वत पाटियाच्या दुकानात दोघी पोचल्या तेव्हा तो जाडजूड लॅपटॉप टेबलावर आला होता आणि गजेंद्र हप्त्याचा फॉर्म भरत होता. दोघींना बघून निंबा उठून उभा राहिला. लाज वाटली त्याला, खोटं कशाला बोला. दुकानातली इतर गिऱ्हाइकं बघत होती. तो दबक्या आवाजात म्हणाला, तुम्ही कशाला आल्या, घरी जा, आम्ही घेऊन येतोच आहोत.

उज्ज्वला जागची हलली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "आप्पा, तो घेतलात तर मी उघडणार नाही. सोमवारी कामालाही जाणार नाही. कोणासाठी घेताय ते एकदा ठरवा."

वाल्मिक मामाचा चेहरा लाल झाला. गजेंद्र मात्र समजूतदारपणे हसला. पोरींना यातलं काय कळतं, म्हणाला, रंग आणि आकार बघणार त्या, आतलं यंत्र आम्ही बघतो.

"रंगच बघायचाय, गजेंद्रकाका," उज्ज्वला म्हणाली. "मला कामच रंगाचं आहे. राणी साडी पडद्यावर लाल दिसली आणि मी लाल लिहिली, तर गिऱ्हाईक माल परत पाठवतं. तो तोटा धर्मेंद्रभाई कोणाच्या माथी मारतील?"

तिनं आईचा पदर टेबलावर पसरला, मोबाइलनं त्याचा फोटो काढला आणि विक्रेत्याला तो फोटो मशीनवर उघडायला लावला. दिवेवाल्या लॅपटॉपवर पदर लालसर दिसला. तिनं दुसरं एक मशीन मागितलं, त्यावर फिका दिसला. तिसरं मागितलं. साधं राखाडी, दिवे नाहीत, नक्षी नाही. तिनं ते आधी एका हातानं उचलून बघितलं. बॅटरी किती तास चालते, मेमरी आठ जीबी आहे ती पुढे वाढवता येईल का, दुरुस्ती सुरतेत होते की बाहेर पाठवावं लागतं, हे सगळं तिनं हिंदीत धडाधड विचारलं. कॉलेजच्या लॅबमध्ये दोन वर्षं बसून तिनं आपल्याला काय लागतं ते वहीत टिपून ठेवलं होतं. ती वही बघायची कोणाला गरज वाटली नव्हती, एवढंच. विक्रेता आता निंबाकडे न बघता तिच्याकडे बघून उत्तरं देऊ लागला.

मग तिनं तिसऱ्या मशीनवर फोटो उघडला आणि बापाला जवळ बोलावलं.

निंबाची सारी हयात कापडात गेलेली. रंग ओळखायला त्याला चार माणसं लागत नाहीत. त्यानं पदराकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. दोन्हीकडे राणी रंग तोच होता. तरी त्यानं एकदा गजेंद्रकडे, एकदा मामाकडे पाहिलं. चौघांत ठरलेलं मोडायचं कसं, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

तेव्हा उज्ज्वला घरातल्या बोलीत, अहिराणीत, बोलली. सहा महिन्यांपूर्वी शेठनं कारखान्यात नवी मशिनं आणली होती. निवडली शेठच्या जावयानं, ज्यानं जन्मात लूमला हात लावला नव्हता. धागा सारखा तुटायचा, कापडात खोट यायची, आणि पैसे कापले जायचे कारागिराचे. महिनाभर निंबा जेवायला बसला की तेच बोलायचा. "आप्पा," ती म्हणाली, "तवय तुम्ही रोज काय म्हणेत? बावीस वरीस मशीनवर मी उभा, माले कोनी इचारं का? आज मी तेच म्हणस. माले कोनी इचारं का?"

निंबा खाली बसला. अरे, ज्या अन्यायानं आपण महिनाभर जळत होतो, तोच आपण घरात करतोय! शेठचा जावई वाईट, आणि आपण कोण? दहा वर्षं कपड्यांखाली पडलेली ती शिलाई मशीनही त्याच्या डोळ्यांपुढे आली. त्यानं शोभाबाईकडे बघितलं, तिनं नजर खाली घातली नाही.

"माझं चुकलं," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "चौघांनी बसून मोठं ठरवलं, पण जिला चालवायचंय तिला सोडून ठरवलं. गजेंद्र, तो फॉर्म फाड."

गजेंद्रनं एकदा म्हणून बघितलं की लोक काय म्हणतील, एवढी मोठी बैठक आणि आणलं हे राखाडी. निंबा म्हणाला, लोकांना सांग, निंबाच्या पोरीनं आणलं. मग बाबुराव पुढे झाले. त्यांनी चष्मा पुसून पदर पुन्हा एकदा बघितला आणि पोरीचं बरोबर आहे असं सांगून टाकलं. मामा बाहेर जाऊन उभा राहिला. त्याला पचायला जरा वेळ लागणार होता, लागू दे.

एकोणचाळीस हजार पाचशेला सौदा झाला, हप्ता एक नाही. बिल लिहिताना विक्रेत्यानं सवयीनं निंबाला नाव विचारलं. निंबा म्हणाला, "उज्ज्वला निंबा महाजन. फोन नंबरही तिचाच."

सोमवारी उज्ज्वला कामावर गेली. महिन्यानं पगार झाला आणि फीची पावती घरी आली. गल्लीत कुजबुज झाली, होणारच. कोणी म्हणालं बायका डोक्यावर बसल्या, कोणी म्हणालं निंबाचं घरात चालत नाही. निंबानं प्रत्येकाला एकच विचारलं, तुझ्या कारखान्यात तुला न विचारता मशीन आलं तर तुला चालेल का? मग समोरचा विषय बदलायचा.

वाचकहो, लॅपटॉप कोणता घ्यावा हे सांगणारे शंभर भेटतील. मी एवढंच सांगतो: वस्तूची किंमत ठरवण्याआधी ती वापरणाऱ्या माणसाची किंमत ओळखा. जिचे हात त्या वस्तूवर राबणार, पहिला शब्द तिचा. आणि ज्यांना विचारलं जात नाही त्यांनाही सांगतो, ओवाळायचं ताट जरा वेळ खाली ठेवा आणि तोंड उघडा. मागितल्यावाचून ओट्यावरची खुर्ची कोणी देत नाही.

दिवाळीआधी गजेंद्रच्या घरी फ्रिज घ्यायचं निघालं. ओट्यावर खुर्च्या पडल्या, चौघं बसले. जयश्री चहा घेऊन आली, सगळ्यांच्या हातात कप दिले. मग आतून आणखी एक खुर्ची आणली, नवऱ्याशेजारी ठेवली आणि बसली. म्हणाली, "हं, बोला आता."