दोन ठोके

थोरल्या लेकीला जुळं झालं त्या वर्षी डेअरीची अख्खी टाकी आंबली, आणि साहेबांनी नाकवाल्या बाईला नवऱ्यासकट दूध उतरवायच्या धक्क्यावरच उभं केलं.

बाईचं काम वासाचं. गाडीतून दुधाचे कॅन उतरले की नवरा लाकडी हातोडीने एकेक झाकण सैल करी. बाई ते उचलून उलटं करी आणि नाकाशी धरी. आंबूस वास आला तर कॅन बाजूला, नाहीतर टाकीत. तरुणपणापासून ती हेच करत आली होती. तिने नाक मुरडलं की कुणी वाद घालत नसे.

"बाई, आंबलेला कॅन तुमच्या नाकाखालून गेलाच कसा?" साहेबांनी विचारलं.

नवऱ्याने हातोडी खाली ठेवली आणि खरं काय ते सांगून टाकलं. वर्षभर बाईला वास येतच नव्हता. आधी डावी नाकपुडी बंद झाली, मग आतला पडदा सरकून उजवीही दबली. सर्दी आहे, जाईल, म्हणत दोघं बसली. तोवर झाकण सैल करता करता तोच हुंगायचा. दूध चांगलं असेल तर एक ठोका, आंबलं असेल तर दोन. बाई झाकण नाकाशी न्यायची ते नुसतं दाखवायला.

"मग काल काय झालं?"

"काल मलाच सर्दी झाली होती, साहेब."

"दोन माणसांत एक नाक, आणि तेही चोंदलेलं," साहेब म्हणाले. "बाई, आधी डॉक्टर गाठा. वास यायला लागला तर धक्क्यावर या. नाही आला तर कॅन धुवायला जा."

बाईच्या तोंडचं पाणी पळालं. कॅन धुण्यात कमीपणा नव्हता, पण धक्का म्हणजे तिचा जीव की प्राण. आणि आणखी एक गोष्ट तिच्या मनाला खात होती. घरात दोन तान्ह्या नाती आल्या होत्या, आणि आजीने अजून त्यांचा वास घेतला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी नाकात दुर्बीण घातली, फोटो काढले, एक तुकडा तपासायला पाठवला. निकाल येईपर्यंत नवऱ्याने घरात एकही विनोद केला नाही.

"कर्करोग नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साधी गाठ आहे. हाताला चामखीळ येते ना, त्याच कुळातला विषाणू अशा पुष्कळ गाठींत सापडतो. पण साधी म्हणून सोडायची नाही. मूळ राहिलं तर पुन्हा वाढते, आणि क्वचित कुणाची पुढे बिघडते. मुळासकट काढू. नंतरही तपासायला येत राहायचं."

"नाकावर राग होताच," नवरा म्हणाला, "आता नाकात चामखीळ."

त्याचा जीव भांड्यात पडल्याचं बाईला तेवढ्यावरून कळलं.

"आणि वास?" तिने विचारलं.

"बहुतेक येईल. वचन देत नाही."

नाकपुडीतूनच गाठ काढली, चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नाही. नाकातल्या पट्ट्या निघाल्या. मग रोज मिठाच्या पाण्याने नाक धुणं सुरू झालं. नवरा उठल्या उठल्या काही ना काही तिच्या नाकाखाली धरायचा. साबण, चिरलेला कांदा, एकदा तर स्वतःचा बूट.

"हा?"

"नाही हो."

"बुटाचाही नाही? मग अवघड आहे बुवा."

एके सकाळी बाई स्वयंपाकघरात गेली आणि तिथेच खिळून राहिली. नवरा धावत आला. "अगं, दूध करपतंय. गॅस बंद कर."

"थांबा हो," ती म्हणाली. "येऊ द्या जरा."

पातेलं पार काळं झालं, पण कुणी ओरडलं नाही. बाई लगबगीने आतल्या खोलीत गेली, एकीला उचललं, मग दुसरीला, मग पुन्हा पहिलीला.

"दोघींचा वेगळा आहे गं," ती थोरलीला म्हणाली.

"आई, दोघींना एकच साबण लावते मी."

"साबणाचं कोण सांगतंय तुला?"

बाई पुन्हा धक्क्यावर आली त्या दिवशी सगळी डेअरी जमली होती. साहेबांनी नवऱ्याची हातोडी दुसऱ्याच्या हातात दिली आणि त्याला पार टोकाला, रिकाम्या कॅनपाशी उभं केलं. बाई पुढे झाली. झाकण उचल, उलटं कर, हुंग. पुढचं. त्याच्या पुढचं. मग ती एका कॅनपाशी थांबली.

"हा काढा."

साहेबांनी वाकून स्वतः वास घेतला आणि तोंड वाकडं करून मागे सरले. लोक हसायला लागले. त्या गलक्यात टोकाकडून रिकाम्या कॅनवर हाताने मारलेला एकच ठोका ऐकू आला.

गाठ पुन्हा आली नाही. बाई अजून धक्क्यावर आहे. झाकणं आता दुसरा माणूस सैल करतो आणि वाटेल तेवढे ठोके मारतो. मधेच नेमके दोन पडले की बाईचा हात कॅन बाजूला सारायला पुढे होतो. मग ती हात आवरते आणि झाकण नाकाशी नेते.

तिचा नवरा नाती चालायला लागल्या त्या वर्षी गेला, थंडीच्या सुरुवातीला, हृदयविकाराने.