उंबरठ्याबाहेर राहिलेला कागद

मी एक जुना उंबरठा आहे, मित्रांनो. ओकच्या लाकडाचा, ल्विव्ह शहरातल्या एका आडरस्त्यावरचा. मधोमध इतका झिजलो आहे की पाऊस पडला की माझ्यात पाणी साचतं. मला माणसांचे चेहरे कमी आणि बूट जास्त ओळखू येतात.

सुताराने मला बसवलं तेव्हा इथे घड्याळं दुरुस्त होत. मग शिवणकामाची शाळा आली, मग कितीतरी वर्षं नुसतं कुलूप. त्या वर्षांत माझ्यावर फक्त मांजरं बसत आणि तीही ऊन असेपर्यंतच.

युद्धाच्या दुसऱ्या वर्षी बोग्दाना नावाच्या तरुण बाईने हे दार उघडलं. युद्धसामग्री बनवणाऱ्या परदेशी कंपन्यांना आमच्या देशात बस्तान बसवून देणं हे तिचं काम. जागा शोधायची, परवाने काढायचे, भर युद्धात विमा कोण उतरवतो ते बघायचं. मला वाटलं, आपले दिवस पालटले. काय एकेक बूट यायचे! पण साहेब लोक कॉफी प्यायचे, बोग्दानाबरोबर फोटो काढायचे आणि जायचे. पुन्हा फिरकणारे फार थोडे. गर्दीतही एकटं वाटतं म्हणतात, ते मला तेव्हा कळलं.

मागच्या अंगाला एक वर्कशॉप होतं. तिथला सगळ्यात जुना कारागीर सेवेरिन, वय अठ्ठेचाळीस, लेथवर त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. बुटांचा चिखल तो माझ्याच कडेवर खरवडायचा. मला भारी राग यायचा.

शेवटी डेन्मार्कहून एस्बेन आला, आणि तो मात्र पुन्हा पुन्हा आला. चिलखती गाड्यांचे सुटे भाग त्याला याच वर्कशॉपमध्ये करायचे होते. करार झाला की इथल्या अकरा कामगारांना सैन्यभरतीतून सूट मिळणार होती. अर्जाला मूळ सह्यांचा करार जोडायचा, मग तीन दिवसांत मंजुरी. तोवर अकराही जण जीव मुठीत धरून कामावर येत.

“पोरी, तुझा डेन्मार्कवाला येईपर्यंत माझं टक्कल खंदकात पोचेल,” सेवेरिन म्हणायचा.

“काका, ते टक्कल देशाचं गुपित आहे. म्हणून तर राखून ठेवतेय,” बोग्दाना म्हणायची.

एका बुधवारी एस्बेन गाडी चालू ठेवून दाराशी आला आणि बाहेरूनच त्याने पाकीट पुढे केलं. “घ्या बोग्दानाबाई, सह्या झाल्या. मला सीमेवर पोचायचंय.”

आमच्याकडे उंबरठ्यावरून हात मिळवत नाहीत, काही देतघेत नाहीत. त्याने भांडणं होतात म्हणे. बोग्दाना हसली. “आधी आत या. तुमच्याशी भांडण मला परवडायचं नाही.”

“बुटांना चिखल आहे हो.”

“सेवेरिनकाका रोज आणतात तेवढा नाही.”

त्याने पाय उचलला, तोच हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. “साहेब, बसा लवकर,” ड्रायव्हर म्हणाला. एस्बेनने पाकीट कोटात परत घातलं. “पुढच्या बुधवारी येतोच आहे. निवांत आत बसून देतो.”

“मी केक करून ठेवते,” बोग्दाना म्हणाली. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगतो, मला तर तेव्हा अभिमानच वाटला. युद्धातही आपला मान राहिला, असं वाटलं.

मंगळवारी सकाळी बसथांब्यावर भरतीवाल्यांनी सेवेरिनचे कागद तपासले. सूट मिळाल्याचा कागद नव्हता. ते त्याला तिथूनच घेऊन गेले, आणि एकदा भरती झालेल्या माणसाला ती सूट लागू होत नाही.

दुसऱ्या दिवशी एस्बेन जपून मला ओलांडून आत आला. “अकरा नावं ना?” त्याने विचारलं.

“दहा,” बोग्दाना म्हणाली. केक तसाच राहिला.

आता नवी यंत्रं आली आहेत. दहा जण निर्धास्त येतात-जातात. सेवेरिन पूर्वेकडे आघाडीवर आहे. परवा त्याची बायको यारिना त्याचा कामाचा डगला न्यायला आली होती.

“तो कागद आला होता ना गं?” तिने विचारलं.

“आला. पण एक दिवस उशिरा,” बोग्दाना म्हणाली.

आदल्या बुधवारचं ती बोलली नाही. ते तिला ठाऊक आहे आणि मला. ती रोज माझ्यावरून जाते, पण हल्ली खाली बघत नाही.

मित्रांनो, दाराच्या उंबरठ्याचा मान ठेवा, माझी ना नाही. पण कोणी कुणाच्या जिवाचा कागद घेऊन बाहेर उभा असेल, तर माझ्यावरून खुशाल हात पुढे करा आणि तो घ्या. भांडण झालंच तर मिटवता येतं. मी लाकूड आहे, मला वाईट वाटणार नाही.