दोर कोणी धरला होता

फादरांनी उपवासकाळातल्या शुक्रवारी चर्चमध्ये पाच मिनिटं बोलायला सांगितलं आणि लिफ्ट दुरुस्त करणारे मिस्त्री हवेतच तरंगायला लागले. विषय होता, पवित्र शास्त्रात नीतिमानांचा झालेला छळ. आता छळावर मिस्त्रींइतकं कोण बोलणार? साहेबांनी एक रजा नाकारली तरी हा माणूस आठवडाभर हुतात्म्याच्या तोऱ्यात वावरायचा.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी बायकोला भाषण वाचून दाखवायला घेतलं. हाबेलला सख्ख्या भावाने मारलं, योसेफाला भावांनी विकलं, दानीएलाला सिंहांपुढे टाकलं. बायको पडद्याला टीप घालत होती.

"यांच्या पंगतीत पुढचं पान तुमचं का?" तिने विचारलं.

"ऐक तर! आता यिर्मया. खरं बोलला म्हणून अधिकाऱ्यांनी त्याला पाणी आटलेल्या टाक्यात टाकलं. दोर लावून खाली सोडलं. तळाला नुसता चिखल, त्यात तो रुतला."

मिस्त्री थांबले. तीस वर्षं त्यांचं पोट दोरांवरच चाललं होतं.

"दोराने माणूस खाली सोडायचा तर वर चार जण तरी लागतात," ते म्हणाले. "अधिकारी कशाला हात घाण करतील? साधीच माणसं असणार. दोर सोडला, हात झटकले, घरी जाऊन पोटभर जेवली."

एवढं बोलताच त्यांना कारखान्यातल्या तपासनीस बाई आठवल्या. सहा आठवड्यांपूर्वी मिस्त्रींनी पास केलेल्या एका लिफ्टला त्या बाईंनी लाल चिठ्ठी लावून ती बंद केली होती. दोरातल्या सात तारा तुटलेल्या होत्या. मिस्त्रींनाही त्या दिसल्या होत्या, पण घाई होती. चारचौघांत नाक कापलं गेलं, तसं त्यांनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना बाईंच्या टेबलावरून उठवलं. तेव्हापासून बाई एकट्याच जेवत होत्या. आता त्यांनी बदलीचा अर्जही लिहून ठेवला होता.

"बाई बरोबर होत्या गं," मिस्त्री हळूच म्हणाले.

"मला कधीच कळलं होतं."

"कसं?"

"तुम्ही रोज घरी येऊन त्यांना शिव्या घालता. त्या चुकल्या असत्या तर एकदाच घातल्या असत्या."

मिस्त्रींनी भाषणाचा कागद फाडला.

बाईही याच चर्चच्या; शुक्रवारी त्या तिसऱ्या बाकावर बसल्या होत्या. मिस्त्री उभे राहिले. "नीतिमानांबद्दल मला काही कळत नाही," ते म्हणाले. "पण टाक्याच्या काठावर उभं राहून दोर धरणाऱ्यांपैकी मी एक आहे. आमच्या कारखान्यात एका बाईंनी खरं सांगितलं आणि मी त्यांना वाळीत टाकलं." दोन मिनिटांतच ते खाली बसले. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं त्यांना वाटलं.

बाईंनी त्यांना दारातच गाठलं. "इथे बोलणं सोपं आहे, मिस्त्री. माझ्या अर्जावर सोमवारी दुपारी साहेबांची सही घेणार आहे. त्याआधी जेवायला कुठे बसता ते बघू."

धोंडा पुन्हा जागेवर आला.

सोमवारी सुट्टीची घंटा झाली. मोठ्या टेबलापाशी मिस्त्रींची नेहमीची खुर्ची दोस्तांनी धरून ठेवली होती. मिस्त्री डबा घेऊन तिच्याजवळून पुढे गेले. ती पंधरा पावलं त्यांना दहा मजले चढल्यासारखी वाटली. कोपऱ्यातल्या टेबलापाशी ते थांबले.

"बसू का?"

बाईंनी पायानेच समोरची खुर्ची सरकवली. मग पिशवीतून अर्जाचा कागद काढला, टेबलावर पसरला आणि त्यावर आपला डबा ठेवला. "टेबल खराब नको व्हायला," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींच्या जिवात जीव आला. तेवढ्यात मागून आवाज आला, "काय मिस्त्री, पक्ष बदलला वाटतं!" सगळं टेबल खिदळलं. कुणीतरी त्यांची रिकामी खुर्ची मुद्दाम उलटी करून ठेवली. मिस्त्रींचे कान तापले, तरी त्यांनी मजेत पहिला घास घेतला. कित्येक दिवसांत जेवण इतकं गोड लागलं नव्हतं.

"होते सवय," बाई म्हणाल्या. "चार-पाच दिवसांत."

"तुम्हालाही तेवढेच लागले?"

"नाही, मला महिना लागला." बाईंनी आपल्या डब्यातली भाजी त्यांच्या झाकणात वाढली. "मी एकटी होते ना."