सावलीला पूर्ण गुण

सरांनी चौकट डाव्या हाताने भिंतीला टेकवून धरली, एक डोळा मिटून तिची वरची कड छताच्या रेषेशी ताडून पाहिली आणि उजवा कोपरा सूतभर वर घ्यायला सांगितले. खुर्चीवर चढलेल्या विभागप्रमुखांनी तो वर घेतला.

“आता?”

“आता बरोबर. उतर खाली. पडलास तर याच भिंतीवर तुझीही सोय करावी लागेल.”

विभागप्रमुख हसत उतरले. ते सरांचेच विद्यार्थी. विभागाची सूत्रे हाती येऊन बरीच वर्षे झाली होती, तरी सरांसमोर त्यांचा आवाज आपोआप दुसऱ्या वर्षाच्या मुलासारखा होई.

नाट्यविभागाच्या सुवर्णमहोत्सवासाठी प्रवेशदारापासून तालीमघरापर्यंतची भिंत नव्याने रंगवली होती आणि तिच्यावर विभागाची कमाई मांडली जात होती. राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारी अभिनेत्री, स्वतःचे नाट्यगृह उभारणारा दिग्दर्शक, जिने शिवलेला पोशाख परदेशातल्या संग्रहालयात जाऊन बसला ती वेशभूषाकार, आवाजाच्या साधनेवर ग्रंथ लिहिणारे दिवंगत प्राध्यापक. प्रत्येक चौकटीखाली दोन ओळींची पट्टी. या ओळी लिहिण्याचे काम सरांकडे आले होते. कोण कुठे पोहोचले हे सगळ्यांनाच ठाऊक होते. कोण कुठून निघाले होते हे निवृत्त होऊनही फक्त त्यांनाच आठवत होते.

शेवटचा खिळा रिकामा होता.

“इथे मुंगी,” सर म्हणाले.

विभागप्रमुखांनी हातोडी खुर्चीवर ठेवली. “आमच्या वर्गातली ती बुटकी मुंगी? सर, ती वैद्यकीय महाविद्यालयात आजारी पडण्याचा पगार घेते.”

“अभिनयच करते ना?”

“करते की. पोटदुखीचा करते, तापाचा करते. शिकाऊ डॉक्टर तिला तपासतात आणि गुण मिळवतात. पण पट्टीवर लिहायचं काय? ‘कावीळ आणि मूळव्याध या भूमिका विशेष गाजल्या’?”

सरांना हसू आवरले नाही. तरी खिळ्याकडे बोट करून ते म्हणाले, “तुमच्या अख्ख्या वर्गात बघता येत होतं ते तिला एकटीला. तुम्ही बाकीचे दिसण्यात गुंतला होतात.”

“ते खरं,” विभागप्रमुखांनी मान्य केले. “बरं, उद्घाटनाला तुमचा ‘सुई-दोरा’ छापलाय पत्रिकेत. अर्धे लोक त्यासाठीच येतायत. हात कसा आहे?”

‘सुई-दोरा’ म्हणजे सरांची ख्याती. रिकाम्या रंगमंचावर, रिकाम्या हातांनी, एकही शब्द न उच्चारता ते न दिसणाऱ्या सुईत न दिसणारा दोरा ओवत. दोरा दोनदा चुकून तिसऱ्यांदा आत गेला की मागच्या रांगेतल्या माणसालाही सुटकेचा श्वास टाकावासा वाटे.

“हाताला काय झालंय? खांदा आखडलाय,” सर म्हणाले. “बिजागरीला गंज चढला की दार कुरकुरणारच.” आणि त्यांनी उजवा हात खिशात घातला.

मुंगी महोत्सवाच्या पूर्वतयारीच्या बैठकीला आली होती. चहाच्या टेबलाशी सरांच्या समोरच बसली, फारसे बोलली नाही, आणि निघताना पाया पडल्यासारखी वाकून त्यांच्या बुटांकडे पाहून गेली. आठवड्याने तिचा फोन आला.

“सर, माझ्याबद्दल लिहिणार आहात असं कळलं. न बघता लिहू नका. मंगळवारी परीक्षा आहे, या.”

जायचेच, असे सरांनी तेव्हाच ठरवून टाकले होते. प्रेक्षक उठून जवळ येतो, नटाच्या पोटावर हात ठेवून दाबतो आणि दुखते का विचारतो, असल्या रंगभूमीची त्यांना कल्पनाच करता येत नव्हती.

मंगळवारी सकाळी ते जेवणाच्या टेबलाशी वाचत बसले असताना बायको धावत आली.

“अहो, दूध करपून कोळसा झालं! तीन हातांवर बसलात, नाक कुठे गहाण ठेवलंत?”

“वाचत होतो.”

“वाचताना नाक मिटतं का?”

सरांनी खरोखरच हुंगून पाहिले. त्यांना काही कळले नाही, पण तसे त्यांनी सांगितले नाही. निघताना उजव्या हाताने डाव्या बाहीचे बटण लावू लागले, तर ते पुन्हा पुन्हा निसटू लागले. बायकोने पुढे होऊन, दुसरेच काही बोलत असल्यासारखे, ते लावून टाकले.

“डॉक्टरांकडे चाललाच आहात, तर खांदाही दाखवून या.”

“डॉक्टरांकडे कोण चाललंय? मी नाटकाला चाललोय.”

वैद्यकीय महाविद्यालयातली ती खोली लहानशीच होती: एक टेबल, दोन खुर्च्या, तपासणीचा पलंग आणि एका भिंतीत बसवलेला मोठा आरसा. आरशामागे दुसरी, अंधारी खोली होती आणि तिथून तोच आरसा साधी काच होता. सरांनी बोटाच्या पेराने काचेवर टकटक केले. पलीकडे लख्ख उजेड, अलीकडे काळोख. रंगमंचावर जाळीच्या पडद्यामागे माणूस लपवतात ती हीच युक्ती. त्यांना एकदम घरी आल्यासारखे वाटले.

परीक्षा घेणाऱ्या डॉक्टरबाईंनी त्यांना शेजारची खुर्ची दिली. “तुमच्या या विद्यार्थिनीने गेल्या वर्षी माझ्या एका सहकाऱ्यालाच फसवलं. खरी रुग्णवाहिका मागवली त्याने!”

“मग तिने काय केलं?”

“झोपली त्यात. म्हणाली, पडदा पडेपर्यंत भूमिका सोडायची नाही असं आम्हाला शिकवलंय.” डॉक्टरबाई हसल्या. “आजचा रुग्णही तिनेच सुचवला. मला म्हणाली, लक्षणं बरोबर आहेत का एवढं बघा. मी पाहिलं, चुकायला जागाच नव्हती.”

पलीकडचे दार उघडले आणि एक वयस्क बाई आत आली. करडी शाल, जाड चष्मा, निवृत्त शिक्षिकेचा नीटनेटकेपणा. ती मुंगी आहे हे ठाऊक असूनही सरांना क्षणभर तिला शोधावे लागले.

मग ते खुर्चीत पुढे सरकले. ही तर सावली होती.

‘सावली’ हा सरांनीच विभागात सुरू केलेला अभ्यास. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येकाने एक जिवंत माणूस निवडायचा, सबंध सत्रभर त्याच्या नकळत त्याला न्याहाळायचे आणि शेवटी त्याला रंगमंचावर आणायचे. नियम एकच: तो कोण हे कधीही, कुणालाही सांगायचे नाही, त्या माणसाला तर नाहीच. मात्र तो प्रेक्षागृहात असला आणि त्याने स्वतःला ओळखले, तर पूर्ण गुण. एके वर्षी प्राचार्यांनी स्वतःची सावली पाहून ‘हा मूर्ख कोण?’ असे विचारले होते आणि सबंध वर्गाला हसू गिळावे लागले होते. पूर्ण गुण सरांनी फार थोड्यांना दिले. देताना ते काही बोलत नसत. हनुवटी खाली नेऊन एकदाच मान हलवत, आणि ती मान मिळावी म्हणून मुले वर्षभर झुरत.

कुणाची असेल ही? सरांचे कुतूहल चाळवले. आईची? एखाद्या रुग्णाची? बाई खुर्चीपर्यंत चालत गेली तेव्हा डावा हात झुलत होता. उजवा मात्र दुसऱ्याचा असून सांभाळायला दिल्यासारखा अंगाशी राहिला होता. पावले उचलली जात होती, पण टाचा जमिनीला किंचित घासत होत्या. चेहरा प्रसन्न होता, तरी ती प्रसन्नता गालांपर्यंत यायला उशीर करत होती. काय बारकावा, सर मनाशी म्हणाले. एकही रेघ जास्तीची नाही.

पहिला विद्यार्थी घाईत आला. “काय त्रास होतोय, आजी?”

“खांदा धरलाय, डॉक्टर. उजवा.”

त्याने खांदा वर-खाली करून पाहिला, मलम सांगितले, शेक सांगितला आणि निघून गेला. डॉक्टरबाईंनी नाक मुरडले.

दुसरी मुलगी मायाळू होती. घरी कोण असते, झोप लागते का, असे तिने आस्थेने विचारले. “हा हात हल्ली मंदावलाय, असं कुणी म्हणालं का तुम्हाला?”

बाईने डाव्या हाताने चष्मा काढला, त्याची काडी मिटली आणि ती गुडघ्यावर दोनदा आपटली.

टक, टक.

काचेच्या अलीकडेही तोच आवाज झाला. डॉक्टरबाईंनी वळून पाहिले. सरांचा चष्मा त्यांच्या डाव्या हातात होता आणि मिटलेली काडी गुडघ्यावर टेकलेली होती. उत्तर देण्याआधीची ही त्यांची लकब विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी त्यांच्या पाठीमागे वठवली होती, आणि कित्येकदा त्यांनी ती दाराआडून पाहून मजा घेतली होती.

आज मजा वाटली नाही. सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. उजवा हात मांडीवर होता. त्याच्याकडे ते पाहत राहिले. बैठकीतला चहा त्यांना आठवला. कप उजव्या हाताने उचलून त्यांनी डाव्यात घेतला होता. समोर मुंगी बसली होती. तिने त्यांच्या बुटांकडे पाहिले होते. टाचा झिजलेल्या बुटांकडे.

“अजून किती जण?” त्यांनी विचारले. आवाज त्यांना स्वतःलाच बारीक वाटला.

“एकच. कंटाळलात?”

“नाही.”

तिसरी मुलगी ठेंगणी होती आणि तिचा पांढरा कोट तिला मोठा होत होता. तिने खांद्याला हातच लावला नाही. बाईला दारापर्यंत चालून परत यायला सांगितले. मग पुन्हा एकदा सांगितले. मग अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवून दाखवायला सांगितली, आधी डाव्या हाताची, मग उजव्या. उजव्या हाताची चिमूट सुरुवातीला मोठी होती; ती लहान लहान होत गेली आणि अडखळली.

अंधारात सरांची बोटेही चिमटीत आली. सुई धरायची तीच चिमूट. ती त्यांनी भराभर उघडून मिटून पाहिली, आणि थांबवली.

“आजी, वास पूर्वीसारखा येतो का? काही करपलं तर कळतं?”

बाई हसली. “सगळे त्यावरून चिडवतात मला.”

मुलीने आपली खुर्ची जवळ ओढली. “मला वाटतं, हे नुसतं खांद्याचं नाही. कंपवाताची सुरुवात असू शकते.”

“हात तर कापत नाही माझा.”

“काहींचा कापतच नाही. खात्री मोठे डॉक्टर तपासून करतील. मी काही आत्ताच शिक्का मारत नाही. पण तसं असलं तरी तुम्ही लवकर आलात. औषध आणि व्यायामाने माणसं कितीतरी वर्षं आपली कामं करतात. उशिरा येणाऱ्यांचं मात्र मला वाईट वाटतं. खांदा, खांदा म्हणत दिवस घालवतात हो.”

डॉक्टरबाईंनी समाधानाने कागदावर काही लिहिले. सर उठून बाहेर आले.

बोळात मुंगी शाल घडी करत उभी होती. चष्मा उतरवला होता, पाठ सरळ झाली होती, दोन्ही हात मोकळे झुलत होते. तिने यंत्रातून दोन कप चहा घेतला आणि एक सरांच्या उजव्या हातासमोर धरला. धरूनच ठेवला. सरांनी उजवा हात खिशात घातला आणि कप डाव्या हाताने घेतला.

“कुणाची सावली?”

“सांगायचं नसतं, सर. नियम तुमचाच आहे.”

“माहीत आहे मला नियम.” त्यांनी घोट घेतला. “फोनवरही बोलता आलं असतं.”

“काय बोलले असते? तुम्ही खांदा म्हणाला असता.” तिने शालीची घडी खांद्यावर टाकली. “ज्याला सांगून पटत नाही, त्याला दाखवावं. हेही तुमचंच.”

“फार पाठ केलंस तू माझं.”

“दुसरा उद्योग काय होता, सर? उंची नव्हती, नाक नकटं, आवाज चिरका. बघत बसायचे.”

सर हसले. गालांपर्यंत हसू यायला उशीर झाला, आणि तो उशीर पहिल्यांदाच त्यांना स्वतःला जाणवला. तिने नजर कपात घातली.

“पट्टीवर काय लिहू तुझ्या?”

“लिहा, सावलीत पूर्ण गुण.”

“ते अजून दिलेले नाहीत मी.”

“मग राहू द्या खिळा रिकामा,” ती म्हणाली. “मला घाई नाही. तुम्ही मात्र करा.”

सरांनी कप कठड्यावर ठेवला. परीक्षेच्या खोलीचे दार उघडेच होते. आत डॉक्टरबाई आपली कागदपत्रे गोळा करत होत्या आणि रुग्णाची खुर्ची अजून तशीच, थोडी तिरकी होती. सर आत गेले आणि तिच्यावर बसले. उजवा हात त्यांनी खिशातून काढून टेबलावर ठेवला.

“अरे वा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तुम्ही तर तिचे गुरू. आम्हाला एक पुरुष सराव-रुग्ण हवाच आहे. करून दाखवताय का काही?”

“नाही,” सर म्हणाले. “आज अभिनय नाही.”

डॉक्टरबाईंचे लक्ष टेबलावरच्या त्या हाताकडे गेले. मग त्यांनी कागदपत्रे बाजूला सारली, समोरची खुर्ची ओढून घेतली आणि इतर कुणालाही विचारतात तसेच विचारले, “काय त्रास होतोय?”

सरांनी समोरच्या आरशाकडे पाहिले. त्यात त्यांना स्वतःखेरीज कुणीही दिसत नव्हते. तरी त्यांनी हनुवटी खाली नेली आणि आरशाकडे पाहून एकदाच मान हलवली.