दोन ब्रेकची गाडी

मित्रांनो, तुमच्या आपोआप चालणाऱ्या गाडीत पाय ठेवायला नुसती सपाट जागा असते. माझ्यात मात्र ब्रेक दोन आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शिकवणाऱ्याच्या. मी एक जुनी शिकवणीची गाडी आहे. माझ्या पुढेमागे एक मोठे लाल अक्षर रंगवलेले होते. ते दिसले की मागचे लोक उगाचच हॉर्न वाजवायचे, आणि मास्तर शांतपणे म्हणायचे, "वाजवू दे. हॉर्न त्याचा, हात त्याचा. तू समोर बघ."

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मीही इतर गाड्यांसारखीच होते. मास्तरांनी मला विकत घेतले आणि थेट आपल्या मेकॅनिक मित्राकडे नेले. त्याने माझ्या पोटात दुसरा ब्रेक आणि दुसरा क्लच बसवला. तेव्हापासून मी शिकवू लागले.

मास्तरांचे घर गल्लीच्या तोंडाशीच होते. पुढच्या खोलीत ऑफिस: एक टेबल, एक लांब बाक आणि भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता. मास्तरांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. कोणाची शिकवणी कधी, हे त्यांना तोंडपाठ असे. त्यांची एकुलती एक लेक शाळेतून आली की दप्तर माझ्या बॉनेटवर फेकायची आणि काकू आतून ओरडायच्या, "अगं, गाडी आहे ती, टेबल नव्हे!"

माझ्या गिअरची किती जणांनी खरडपट्टी काढली, याची गणती नाही. क्लच धाडकन सोडून लोकांनी मला आचके दिले, फुटपाथावर चढवले, एकदा तर भाजीच्या गाडीला जवळजवळ मुजरा करायला लावला. मला राग येत नसे. शिकणारा घाबरलेला असतो, हे मास्तरांबरोबर राहून मलाही कळले होते.

एक शिवणकाम करणाऱ्या बाई मला विशेष आठवतात. त्यांच्या नवऱ्याचे अर्धे अंग लुळे पडले होते. त्याला उपचारांना न्यायला दुसरे कोणी नव्हते, म्हणून त्या उतारवयात शिकायला आल्या. पहिल्याच आठवड्यात मी भर चौकात बंद पडले. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. बाई स्टिअरिंगवर डोके टेकून रडू लागल्या.

"मास्तर, मला नाही हो जमणार. मला शिलाई सोडून काही येत नाही."

"शिलाई मशीन पायानेच चालवता ना? मग अर्धी गाडी तुम्हाला येतेच," मास्तर म्हणाले. "डोळे पुसा. क्लच दाबा. आता हळूहळू सोडा. बघा, निघाली की नाही?"

मी निघाले. काही महिन्यांनी त्या बाई स्वतःची जुनी गाडी चालवत दाराशी आल्या. शेजारी नवरा बसला होता. त्याला बोलता येत नव्हते. त्याने चांगला हात उचलून आधी बायकोकडे आणि मग मास्तरांकडे बोट दाखवले. मास्तर त्या दिवशी दोनदा जेवायला विसरले.

पण मित्रांनो, प्रत्येक शिष्याची गोष्ट अशी संपत नाही. एक हसरा तरुण होता. गाडी चालवताना शीळ घालायचा, म्हणून काकूंनी त्याचे नाव 'शिट्टी' ठेवले होते. त्याचा हात इतका स्वच्छ होता, की त्याच्या वेळी मास्तरांचा पाय ब्रेककडे कधी गेलाच नाही. पहिल्याच परीक्षेत तो पास झाला. पुढच्या वर्षी लांबच्या प्रवासात त्याचा डोळा लागला आणि त्याची गाडी उभ्या ट्रकवर आदळली. तो गेला.

मास्तर त्याच्या घरी गेले. त्याच्या आईने त्यांना पाणी दिले आणि ती म्हणाली, "तुम्ही चांगलंच शिकवलंत हो मास्तर. झोपेला कोण शिकवणार?"

परत आल्यावर मास्तर कितीतरी वेळ माझ्यात नुसते बसून राहिले. चावी त्यांनी फिरवली नाही.

वर्षे गेली. दप्तर फेकणारी लेक इंजिनियर झाली. आपोआप चालणाऱ्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीत ती काम करू लागली. एक दिवस ती माझ्या दाराला टेकून उभी राहिली. "बाबा, आमच्या गाड्यांना चांगल्या ड्रायव्हरचं बघून शिकायचं असतं. तुमच्याइतकं सांभाळून कोणी चालवत नाही. कॅमेरे लावून फिराल का थोडे दिवस?"

काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, गाड्याच शिकल्या तर आपल्याकडे शिकायला कोण येणार?"

मास्तरांनी लेकीला विचारले, "त्या गाडीला झोप लागत नाही ना?"

"नाही बाबा. कधीच नाही."

"मग लाव कॅमेरे."

माझ्या टपावर, काचेवर, मागे, सगळीकडे डोळे बसले. मास्तर माझ्यातून एकटेच फिरत, पण बोलत मात्र मोठ्याने. "इथे शाळा सुटते, वेग कमी. तो म्हातारा बघ. त्याला रस्ता ओलांडायचाय की नुसतं उभं राहायचंय, हे त्याच्या मानेवरून कळतं."

लेक हसली. "बाबा, त्या यंत्राला तुमचं बोलणं ऐकू येत नाही."

"असू दे गं. शिकवताना गप्प बसवत नाही मला."

ते यंत्रही त्यांचे शिष्यच झाले. आणि खोटे कशाला बोलू, ते सगळ्यांत चांगले निघाले. नव्या गाड्या रस्त्यावर आल्या. अपघात कमी झाले. गल्लीतले एक आंधळे गृहस्थ आयुष्यात प्रथमच एकटे आपल्या बहिणीकडे गेले. शिट्टीची आईही एकदा अशाच गाडीतून आली. मास्तरांचा हात हातात धरून म्हणाली, "हे तेव्हा असतं तर..." मास्तरांनी तिला बाकावर बसवले आणि पाणी आणून दिले.

इकडे ऑफिसातला बाक रिकामा होत गेला. आधी संध्याकाळच्या शिकवण्या बंद झाल्या, मग सकाळच्या. परवान्याच्या परीक्षेचे मैदान बंद झाले. पुढे नियम आला, की मोठ्या रस्त्यांवर हाताने चालवायच्या गाड्या आणायच्या नाहीत. मास्तरांनी दारावरची पाटी स्वतःच स्टुलावर चढून उतरवली. काकूंनी स्टूल धरले.

त्यानंतर मास्तर रोज माझ्यात येऊन बसत. ड्रायव्हरच्या जागी नव्हे, शेजारच्या शिकवायच्या जागी.

लेकीला ते दिसत होते. एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, मला शिकवा ना. एवढ्या गाड्या बनवल्या, पण मला स्वतःला चालवता येत नाही."

मास्तरांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. परीक्षेच्या जुन्या मैदानात आम्ही गेलो. लेकीने मला इतके आचके दिले, की दोघेही हसून हसून बेजार झाले. "इंजिनियरीणबाई, क्लच म्हणजे शत्रू नव्हे," मास्तर म्हणाले. मित्रांनो, त्यांचा तो आवाज मी किती दिवसांनी ऐकला होता! इतक्यात तिला ऑफिसातून फोन आला. ती घाईने उतरली. "पुढच्या रविवारी नक्की, बाबा."

पुढच्या रविवारी तिला कामावर जावे लागले. त्यानंतर कंपनीने तिला दूरच्या शहरात पाठवले. मास्तर मात्र दर रविवारी मला धुऊन, पुसून, इस्त्रीचा शर्ट घालून बसत. काकू म्हणत, "अहो, ती आज यायची नाही. फोन आला होता." ते म्हणत, "माहीत आहे मला." आणि बसूनच राहत.

हिवाळ्यात ते आजारी पडले आणि त्यातच गेले. लेक आली, पण उशीर झाला होता. सगळी माणसे निघून गेल्यावर ती माझ्यात येऊन बसली. तिने चावी फिरवली. माझी बॅटरी केव्हाच मेली होती. मी नुसता एक बारीक आवाज केला. तरी तिने क्लच दाबला, गिअर टाकला आणि हळूहळू पाय सोडला, अगदी बरोबर सोडला. मग शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली, "जमलं का हो, बाबा?"

मित्रांनो, मला उत्तर देता आले असते तर!

नव्या गाड्यांवर माझा राग नाही. त्या माणसे वाचवतात. त्यांत खुशाल बसा. मला जपून ठेवा, असेही मी म्हणत नाही. मी पत्रा आहे. पण तुमच्या घरात कोणी असेल, ज्याच्या हातचे काम नव्या यंत्राने घेतले आहे, तर त्याच्याशेजारी जाऊन बसा. त्याला म्हणा, मला शिकवा. त्या कामाची गरज उरली नसली तरी म्हणा, आणि तो रविवार पुढे ढकलू नका.

उद्या मला भंगारात न्यायला गाडी येणार आहे. ती आपली आपण येईल, मला उचलेल आणि जाईल. काकू दारात येतील. "जपून न्या हो तिला," असे म्हणायला त्यांचे तोंड उघडेल. पण त्या गाडीत ऐकायला कोणीच नसेल.