नखाएवढा फिका डाग

डॉक्टर रूदबारी फारसीत बोलत होत्या आणि ताघान ते आईला तुर्कमेन भाषेत सांगत होता. ओगुलनबातला फारसी अजिबातच येत नव्हती असं नाही; बाजारात गालिच्याचा भाव करण्यापुरती येत होती. दवाखान्यातली फारसी मात्र तिच्या डोक्यावरून जायची. म्हणून ती डॉक्टरांकडे न बघता लेकाच्या तोंडाकडे बघत बसली होती.

गोंबद शहरातल्या त्या दवाखान्यात गावोगावच्या चाळिशी उलटलेल्या माणसांना बोलावून त्यांची अन्ननलिका दुर्बीण घालून तपासत होते. तीही, ज्यांना काही होत नाही अशांची. त्या मुलखात हा आजारच एवढा, की तो शिरला नाही असं घर शोधावं लागेल. ओगुलनबात शेजारणीला सोबत म्हणून आली आणि आलीच आहेस तर तूही नळी घालून घे, म्हणून तिलाही झोपवलं. डॉक्टरांनी आत आयोडीन फवारलं. निरोगी भाग तपकिरी झाला, एका जागी मात्र नखाएवढा डाग फिकाच राहिला. तिथला तुकडा काढून तपासायला धाडला होता. आज त्याचा निकाल होता.

"हा कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाल्या, "पण अगदी सुरुवातीचा. वरच्या पापुद्र्यातच आहे. पूर्वी याला छाती उघडावी लागायची. आता नळीतूनच तेवढा पापुद्रा सोलून काढता येतो. टाके नाहीत, काही नाही, चार दिवसांत घरी. पण उशीर करू नका. आईंना नीट सांगा. सगळं सांगा."

ताघान आईकडे वळला.

"एजे," तो आईला म्हणाला, "चहानं आत थोडं भाजलंय म्हणतात. नळी घालून साफ करून देतील."

"ते मी घरबसल्या सांगितलं असतं," ओगुलनबात म्हणाली. "उकळता चहा घशाखाली गेल्याशिवाय मला चहा प्यायल्यासारखं वाटतच नाही. त्यासाठी एवढं शिकावं लागतं होय या बाईला?" आणि ती हसली.

डॉक्टरांनी ते हसू पाहिलं. "मोठ्या धीराच्या आहेत तुमच्या आई," त्या म्हणाल्या. ते मात्र ताघाननं आईला सांगितलं नाही.

त्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण त्याचा बापही याच आजारानं गेला होता. घरच्यांनी बापापासून आजाराचं नाव लपवलं होतं, आणि एका आगाऊ कंपाउंडरनं ते त्याच्यासमोर बोलून टाकलं. त्या दिवसापासून बाप भिंतीकडे तोंड करून पडला तो पुन्हा वळला नाही. आजारानं नाही, शब्दानं मारलं, असं सगळी भावकी म्हणायची. त्या भागात तसंही कोणी या आजाराचं नाव घेत नाही; 'तो वाईट आजार' म्हणतात आणि गप्प बसतात. ताघानला वाटलं, नाव न घेताच आई बरी होत असेल तर घ्यायचं कशाला?

पण भाजल्यावर कोण दवाखान्यात जाऊन पडतं? दवाखान्यानं दिलेल्या पहिल्या तारखेला मागावरचा गालिचा पुरा व्हायचा होता. मग रोजे आले. मग मुलीच्या, आकजेमालच्या बाळंतपणाला ती आकाला गावी गेली. ताघान मध्येच म्हणायचा, "एजे, डॉक्टर बोलावतायत."

"मी चहा गार करून पितेय की आता. भाजलेलं आपोआप भरतं. तुझा हात भाजला होता लहानपणी, कुठल्या डॉक्टरकडे नेला होता?"

ताघानला खरं सांगायची हिंमत नाही आणि खोट्याला जोर नाही. दवाखान्यातून फोन यायचे. तो "येतो, येतो" म्हणून वेळ मारून न्यायचा आणि रात्री तळमळत पडायचा.

दुसऱ्या वर्षी गव्हाच्या कापणीत त्यानं पाहिलं, आई तंदूरची रोटी चहात बुडवून, पार लगदा करून खातेय. ताघाननं हातातला घास खाली ठेवला. बापानंही अशीच सुरुवात केली होती. त्यानं त्याच दिवशी आईला दवाखान्यात न्यायला पिकअप काढली.

या वेळी दुर्बीण पुढे जाईना. बाकीच्या तपासण्या झाल्या. आजार यकृतापर्यंत गेला होता.

"सोलून काढण्यासारखं आता काही राहिलं नाही," डॉक्टर ताघानला म्हणाल्या. "जाळीची नळी बसवू, म्हणजे पातळ तरी उतरेल. आणि यांच्या मुलांनी, भावंडांनी तपासून घ्यायला हवं." मग त्या ओगुलनबातकडे वळल्या आणि लहान मुलाशी बोलावं तशी सोप्या फारसीत एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "आई, मी सांगितलं होतं. तुम्ही आला का नाहीत?"

एवढं तिला कळलं. तिनं आपल्या बाजारच्या फारसीत उत्तर दिलं, "भाजलं होतं ना?"

डॉक्टरांनी ताघानकडे पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे. "मी असं कधीच म्हणाले नाही," त्या हळूच म्हणाल्या.

नळी बसवून ओगुलनबात लेकाबरोबर घरी निघाली. वेशीपाशी तिनं गाडी थांबवायला लावली.

"तुझा बाप शब्दानं नाही मेला," ती म्हणाली. "भुकेनं मेला. त्याच्या तोंडात चमच्यानं पाणी मी घालत होते, भावकी नव्हे. मला विचारायचंस."

"मला वाटलं, तू खचशील."

"खचले असते. दोन दिवस रडले असते आणि तिसऱ्या दिवशी जाऊन झोपले असते त्या टेबलावर." तिनं श्वास घेतला, बोलताना तिला आत दुखत होतं. "आकजेमालला फोन लाव. चाळिशी झाली तिची. तिला तपासून घ्यायला सांग."

"काय म्हणून सांगू?"

"आहे ते सांग. माझ्यासमोर सांग. नाव घेऊन."

ताघाननं फोन लावला. बहिणीनं बाळाच्या रडण्यात ऐकू जावं म्हणून ओरडतच विचारलं, काय रे, आई बरी आहे ना? आई त्याच्याकडेच बघत होती.

"एजेला कॅन्सर आहे," तो म्हणाला.

बोलायला तिनंच लावलं होतं, तरी ओगुलनबातनं दाराची मूठ घट्ट धरली. तिच्या बाबतीत तो शब्द तिच्या भाषेत आजवर कोणी उच्चारला नव्हता. फोनमध्ये आकजेमाल हुंदके देऊ लागली. ताघानही रडत होता. ओगुलनबातनं त्याच्या हातून फोन घेतला.

"रडून घे," ती लेकीला म्हणाली. "आणि उद्याच तारीख घे. तुला शाळेतली फारसी येते, एकटीच जा. भावाला बरोबर नेऊ नकोस."

ताघान शेजारीच बसला होता. तिनं फोन त्याच्या मांडीवर ठेवला आणि चल म्हणाली.